शाळेच्या बाजूला पाइप नव्हता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय विलासराव चिंचाळकर, व्यासपीठावर विराजमान असलेले आमच्या खात्याचे निवृत्त मुख्य अभियंते आणि आजचे प्रमुख पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सगळे रविवारची दुपारची झोप सोडून आलो आहोत ते सत्कारमूर्ती श्री. अच्युतराव पांढरीपांडे, 'मी खालीच बसते' म्हणून हटून बसलेल्या आणि अखेर मंजूषाताईंनी हाताला धरून वर आणलेल्या सिंधूवहिनी, आपल्या मराठी मंडळाचे पदाधिकारी, खात्यातले माझे सहकारी, आणि नेहरू नगर, कोटरा, अवधपुरीपासून आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी वैजयंती खानझोडे. पाणीपुरवठा खात्यात अच्युतरावांबरोबर एकाच छताखाली तीस वर्षं काम केलं. सूत्रसंचालन करणाऱ्या मंजूषाताईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत. आमच्या खात्याचं दहा मिनिटांचं काम किती वेळ चालतं, हे भोपाळच्या रस्त्यांवरून चालणाऱ्यांना मी काय सांगावं! तरी प्रयत्न करते.

पांढरीपांडे घराणं मूळ नागपूरचं. १९५६ साली राजधानी भोपाळला आली, कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांच्या मागोमाग माणसं आली. इथे बसलेल्या निम्म्या घरांची हीच कथा आहे. अच्युतरावांचे वडील शांतारामजी रेकॉर्ड विभागात होते. अच्युतराव सांगतात की वडिलांच्या ताब्यात अकरा ट्रंका सरकारी कागदांच्या होत्या आणि दोन घरच्या. इटारसीच्या फलाटावर घरची एक ट्रंक राहून गेली. सरकारी एकही नाही! आई आयुष्यभर त्या ट्रंकेतल्या पितळी डब्यांची नावं घ्यायची म्हणे.

भोपाळने या कुटुंबाला सगळं दिलं, फक्त आडनाव पुरतं ठेवलं नाही. 'पांढरीपांडे' कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ते 'पांडेजी' झाले. मग गावाकडून कुणी पांडे, दुबे, तिवारी बदलून आले की आधी यांच्या टेबलाशी यायचे. 'आप किस जिले के पांडे हैं?' अच्युतराव शांतपणे म्हणायचे, 'नागपूर के.' समोरचा बिचारा विचारात पडायचा.

१९८५ साली ते आमच्याकडे ट्रेसर म्हणून लागले. ट्रेसर म्हणजे काय, हे आजच्या मुलांना कसं सांगू? मूळ नकाशावर निळसर, खळ लावलेलं तलम कापड अंथरायचं. त्यावर खडूची पूड चोळायची, म्हणजे शाई धरते. मग काळ्या शाईने, श्वास रोखून, खालची एकेक रेष वर उतरवायची. एक थेंब सांडला की दोन दिवसांचं काम गेलं. शेजारच्या खोलीत त्या कापडावरून छाप काढायचे, तिथे अमोनियाचा असा भपकारा असायचा की नवीन माणूस रडतच बाहेर यायचा. आम्ही विचारायचो, 'काय रे, साहेब रागावले का?'

आणि खराब झालेलं कापड? ते गरम पाण्यात भिजवलं की खळ निघून जायची आणि आतून मलमलीसारखं मऊ कापड निघायचं. सिंधूवहिनींनी त्याची झबली शिवली. निनाद आज एवढा मोठा अधिकारी आहे, समोर बसलाय, रागावू नकोस रे बाबा. पण तुझ्या एका झबल्याच्या बाहीवर 'वॉल्व्ह क्रमांक १४' असं लिहिलेलं मी फोटोत पाहिलं आहे. वडिलांचं अक्षर इतकं पक्कं, की धुऊनही गेलं नाही.

अक्षर! अच्युतरावांचं अक्षर हा आमच्या खात्याचा दागिना होता. ट्रेसरचे ते पुढे ड्राफ्ट्समन झाले, मुख्य ड्राफ्ट्समन झाले. त्यांच्या नकाशाखाली उजव्या कोपऱ्यात 'मौक्यानुसार' असा शब्द असायचा. त्याचा अर्थ, जागेवर जाऊन पाहिलं आणि जसं जमिनीत आहे तसंच काढलं. त्या शब्दावर आम्ही डोळे मिटून सह्या करत होतो.

मी बैतूलहून १९९५ साली सब-इंजिनियर म्हणून आले. पहिल्या आठवड्यात ते मला कोटऱ्यापासून नेहरू नगरपर्यंत चालत घेऊन गेले. मला वाटलं, रस्ता दाखवणार. पण त्यांना रस्त्यात काही रसच नव्हता. एका पानठेल्यासमोर थांबून म्हणाले, 'मॅडम, या घडीला तुम्ही बारा इंची बिडाच्या पाइपवर उभ्या आहात.' मी घाबरून बाजूला झाले. 'आता केबलवर आलात,' म्हणाले. त्या दिवसापासून मला या शहरातून सरळ चालता आलेलं नाही. पायाखाली काय असेल, हे सारखं मनात येतं. कुठलाही रस्ता खोदायचा तर परवानगी साहेबांची असायची, पण मुहूर्त पांडेजींचा.

असे ते दिवस होते. आज मागे वळून पाहताना मला ते सगळं फार जवळचं वाटतं. हॉलमधली लांब टेबलं, सरकत्या पट्ट्या, चार वाजता येणारा आलं घातलेला चहा. आणि तरीही, त्या दिवसांविषयी नुसतं गोड बोलून मी खाली बसले, तर ते खरं होणार नाही. काल संध्याकाळी मी अच्युतरावांच्या घरी गेले होते. म्हटलं, 'नेहरू नगरची गोष्ट सांगू का व्यासपीठावरून?' वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. अच्युतराव म्हणाले, 'सांगायची असेल तर बोला. ती गाळून माझं कौतुक करायचं असेल, तर नारळ द्या आणि मोकळे व्हा.' तेव्हा अध्यक्षमहोदय, सत्कारमूर्तींच्या परवानगीनेच पुढचं सांगते आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे जमिनीखालच्या सगळ्या वाहिन्यांचा नवा नकाशा करायचं काम आलं. पाणी, गटार, वीज, टेलिफोन, गॅस, सगळंच. तेही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने. गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कंपनीची मुलगी त्यासाठी आमच्याकडे आली, जुई. तीही समोर बसली आहे. तिच्याबरोबर एक गाडी होती, बाबागाडीपेक्षा जरा मोठी. ती रस्त्यावरून ढकलत न्यायची. गाडी जमिनीत लहरी सोडते, वाटेत पाइप, केबल, दगड, जे आडवं येईल त्यावरून त्या लहरी परत फिरतात आणि पडद्यावर मिशांसारख्या कमानी उमटतात. एका किलोमीटरला हजारो मिशा! त्यातली पाइपची कोणती, केबलची कोणती, कडुलिंबाच्या मुळाची कोणती, हे ओळखायला संगणकाला शिकवायचं. आणि शिकवायचं म्हणजे आधी कुणीतरी जाणत्या माणसाने एकेका कमानीवर बोट ठेवून तिचं नाव सांगायचं.

जाणता माणूस आमच्याकडे एकच होता. जुई त्यांच्याकडे गेली, तर म्हणाले, 'पोरी, चाळीस वर्षं माणसांना सांगतोय, ते खोदायचं तिथेच खोदतात. आता तुझ्या डब्यालाही सांगू?'

जुई म्हणाली, 'काका, डब्बा भूलता नहीं है. एकदा सांगा, बस.'

त्यांना ते पटलं असावं. अकरा महिने ते रोज तिच्या शेजारी बसले. 'हा पाइप. ही केबल. हे मूळ आहे, इथे वड होता, त्र्याण्णव साली पाडला. झाड गेलं, मुळं आहेत तिथेच आहेत.' जुई टिपून घ्यायची, संगणक शिकायचा. हळूहळू तो इतका तयार झाला, की एके दिवशी त्याने अच्युतरावांचीच चूक काढली. त्यांनी केबल म्हटलं होतं, संगणक म्हणत होता पाइप. खोदून पाहिलं, तर पाइप निघाला! मला वाटलं, आता यांना वाईट वाटणार. पण त्यांनी सगळ्या ऑफिसला पोहे-जिलबी खाऊ घातली. म्हणाले, 'विद्यार्थी पास झाला.'

मग आलं नेहरू नगर. तिथल्या मुख्य रस्त्यावर उड्डाणपूल व्हायचा होता. रस्त्याच्या एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला दुकानांची रांग. अच्युतरावांच्या १९९१ सालच्या नकाशाप्रमाणे नेहरू नगर आणि कोटऱ्याला पाणी देणारी बारा इंची मुख्य लाइन शाळेच्या बाजूने जाते. दुकानांच्या बाजूला फक्त एक लाइन, तीही नकाशात मागाहून भरलेली, तिच्यावर शेरा, 'अनधिकृत जोड, बंद.' त्यामुळे पुलाचे खांब दुकानांच्या बाजूने घ्यायचे ठरलं होतं. नकाशावर माझी सही व्हायची बाकी होती.

फेब्रुवारी महिना होता. जुई लॅपटॉप घेऊन आमच्या टेबलाशी आली. 'काका, एक गडबड है. शाळेच्या साइडला मशीनला काहीच दिसत नाहीये. तुमच्या नकाशात मेन लाइन आहे तिथे. ओली काळी माती असेल तर लहरी आत जात नाहीत, मग असलेला पाइपही दिसत नाही. तर मी काय लिहू? पाइप नाही असं, की पाइप आहे पण मशीनला दिसत नाही असं? तुम्ही सांगाल ते फायनल.'

आता इथे मला तुम्हाला सत्तावीस वर्षं मागे न्यायला हवं, त्याशिवाय हा प्रश्न किती जड होता ते कळणार नाही.

१९९८ च्या उन्हाळ्यात याच रस्त्यावर, दुकानांच्या बाजूला, टेलिफोनच्या केबलसाठी खोदताना एक पाइप फुटला. रस्त्यावर पाण्याचे लोट, दुकानांत पाणी, दुरुस्तीसाठी सगळाच पुरवठा बंद, चार दिवस नेहरू नगर आणि कोटरा कोरडे. मोर्चा आला, वर्तमानपत्रात छापून आलं. तीन जणांची चौकशी समिती बसली. प्रश्न सरळ होता. नकाशात मुख्य लाइन शाळेच्या बाजूला आहे, मग दुकानांच्या बाजूला फुटलं ते काय? उत्तरही आम्हाला सरळ वाटलं. कुणीतरी चोरून जोडलेली लाइन. आणि चोरून जोडणार कोण? ज्याच्या हातात वॉल्व्हच्या चाव्या आहेत, तो.

त्या भागाचे वॉलमन होते दत्तू सोनटक्के. दत्तूभाऊ. नेहरू नगरातल्या जुन्या मंडळींना ते आठवत असतील. सकाळी साडेपाचला सायकलवरून लोखंडी चावी घेऊन यायचे, पाणी सोडायचे. आपल्या मंडळाच्या गणपतीत झांजा वाजवायचे. ते समितीसमोर एकच गोष्ट सांगत राहिले. 'साहेब, हीच मेन लाइन आहे. दुसरी नाहीच. टाकली तेव्हा मी तिथे उभा होतो.'

समितीतले मोठे साहेब म्हणाले, 'नक़्शा झूठ बोलता है क्या?'

अच्युतरावांनाही बोलावलं. विचारलं, 'पांडेजी, नकाशा मौक्यानुसार आहे ना?' अच्युतराव म्हणाले, 'तसं लिहिलेलं आहे, साहेब.'

दत्तूभाऊंची रवानगी शहराबाहेरच्या एका पंपघरात झाली. सर्व्हिस बुकात शेरा गेला, 'अनधिकृत नळजोडणीस जबाबदार'. कॉलनीत त्यांचं नाव 'पाणीचोर' पडलं. त्यांची मुलगी पल्लवी तेव्हा सहावीत होती, तिलाही शाळेत त्याच नावाने हाक मारायला लागले. त्या वर्षीच्या गणपतीपासून दत्तूभाऊंनी मंडळाची पायरी चढली नाही.

आणि एक गंमत ऐका, गंमत म्हणायचं की काय ते तुम्हीच ठरवा. समितीने आदेश दिला, ती अनधिकृत लाइन बंद करा. नव्या वॉलमनने बंद केली. दुसऱ्या दिवशी नेहरू नगर आणि कोटरा, दोन्ही कोरडे! म्हणून त्याने ती गुपचूप उघडली. कागदावर लाइन बंद राहिली, जमिनीखाली तिच्यातूनच सगळ्यांना पाणी येत राहिलं. आम्हाला तेव्हाच कळायला नको होतं का? पण त्यावर कुणी बोललंच नाही.

समितीतले दोघे वरिष्ठ आज हयात नाहीत, त्यांच्याविषयी मी काही बोलणार नाही. तिसरी सदस्य मी होते. अहवाल माझ्या हाताने लिहिलेला आहे.

तर फेब्रुवारीतल्या त्या दुपारी जुईने विचारलं, 'काय लिहू?' अच्युतराव पडद्याकडे बघत होते. 'काळी माती आहे' एवढं म्हटलं असतं, तर विषय संपला असता. नेहरू नगरात काळी माती आहेच. त्यांच्या शब्दावर कुणी शंका घेतली नसती. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

जुई म्हणाली, 'काका, तबीयत ठीक है ना?'

ते म्हणाले, 'काहीच लिहू नकोस. दोन्ही बाजूंना खड्डा घ्या. मला बघायचंय.'

चार दिवसांनी, सकाळी आठ वाजता, दोन्ही बाजूंना खड्डे घेतले. शाळेच्या बाजूला साडेतीन फुटांवर कुदळ खणकन वाजली. खडक. आणखी रुंद केलं, तरी खडकच. त्या अखंड खडकातून पाइप कधी जाऊच शकला नसता. मग आम्ही रस्ता ओलांडून दुकानांच्या बाजूला गेलो. तिथे साडेपाच फुटांवर पाइप लागला. अच्युतराव बासष्टीला टेकलेले, नको नको म्हणत असताना शिडीवरून खड्ड्यात उतरले. रुमालाने पाइप पुसला. टेप लावली. बारा इंच. ओतीव अक्षरांत त्यावर साल होतं, १९९०.

अठ्ठ्याण्णव साली तो पाइप फुटला, तेव्हा चिखलपाण्यात घाईघाईने पट्टा बसवून खड्डा बुजवला होता. जाडी कुणी मोजली नाही. मी मोजली नाही.

वर आल्यावर ते समोरच्या चहाच्या टपरीवरच्या बाकावर बसले. मी शेजारी बसले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला 'मॅडम' म्हटलं नाही.

'वैजयंती, एक्क्याण्णवच्या मे महिन्यात ही लाइन टाकली. ठेकेदाराला शाळेकडे खडक लागला असणार, म्हणून त्याने बाजू बदलली. मी जागेवर गेलोच नाही. आखणीचा नकाशा समोर ठेवला, ट्रेस केला आणि खाली मौक्यानुसार लिहिलं.'

मी विचारलं, 'घरी काही अडचण होती का तेव्हा? कुणाचं आजारपण?'

'काही नव्हतं. निनाद ठणठणीत, सिंधू ठणठणीत. ऊन होतं. बस, फार ऊन होतं.'

मग म्हणाले, 'दत्तू समितीपुढे बोलत होता, तेव्हा मला आठवलं होतं की मी गेलो नव्हतो. पण मी स्वतःची समजूत घातली, की ठेकेदाराने आखणीप्रमाणेच टाकली असेल. तसं असतं, तर माझी चूक नव्हतीच ना. सत्तावीस वर्षं तसंच धरून बसलो.'

आता मी काय केलं, तेही ऐका. मी त्यांना म्हटलं, 'अच्युतराव, चार महिने राहिलेत. नव्या यंत्राने जुन्या नकाशात दुरुस्ती केली, एवढंच लिहू. पुलाचे खांब सरकतील, लाइन वाचेल, काम झालं. कुणी काही विचारणार नाही. उगाच पेन्शन अडकवून घेऊ नका.' मी त्यांच्या भल्यासाठी म्हणत होते. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

ते म्हणाले, 'पाइप यंत्राने शोधला. दत्तूवरचा शेरा कोण खोडणार? यंत्राला त्याचं नावसुद्धा माहीत नाही.'

त्याच दिवशी त्यांनी आपल्या हस्ताक्षरात दीड पान लिहिलं. मी जागेवर गेलो नव्हतो, मी खोटा शब्द लिहिला, चौकशीत मी सरळ उत्तर दिलं नाही, त्यामुळे निर्दोष माणसाला शिक्षा झाली. खाली सही. त्या कागदावर एकही खाडाखोड नव्हती. पण अक्षर मात्र, मी पहिल्यांदाच पाहिलं, जरा हललेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते दत्तूभाऊंकडे गेले. कोटऱ्यात राहतात. मला बरोबर नेलं. जिन्यावर दोनदा थांबले. दार दत्तूभाऊंनीच उघडलं. सत्तरी पार, पण हात तसेच, चावी फिरवणाऱ्याचे. खुर्च्या दिल्या. अच्युतरावांनी खिशातून कागदाची प्रत काढली, पण वाचली नाही. मग तसंच बोलले, 'दत्तू, लाइन दुकानांच्या बाजूलाच होती. शाळेकडे पाइप नव्हता. तू खरं बोलत होतास. मी नकाशा खोटा काढला होता.'

दत्तूभाऊंनी विचारलं, 'बाबूजी, तुम्ही डोळ्यांनी पाहिला पाइप?'

'पाहिला. हात लावला.'

'किती फुटांवर?'

'साडेपाच.'

'पाच लिहा,' दत्तूभाऊ म्हणाले. 'वरचा अर्धा फूट डांबर नंतरचा आहे.'

मग ते खाली बघत म्हणाले, 'इतकी वर्षं लोक म्हणत राहिले ना, बाबूजी, तर मधे मधे मलाच वाटायचं, आपल्याला चुकीचं आठवतंय की काय. मी पंपघरात एकटा बसून ती लाइन पुन्हा पुन्हा टाकायचो. डोक्यात. इथून खोदलं, इथे खडक लागला, मग रस्ता ओलांडला. दर वेळी दुकानांकडेच यायची.'

अच्युतरावांनी हात जोडले. दत्तूभाऊ म्हणाले, 'मला काय सांगता? मला माहीत होतंच. पल्लवीला सांगा.' आणि त्यांनी फोन लावून अच्युतरावांच्या हातात दिला.

पल्लवी आता अमरावतीला शिक्षिका आहे. अच्युतरावांनी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती म्हणाली, 'सावकाश सांगा परत, तारखांसकट. मी लिहून घेतेय.' त्यांनी परत सांगितलं. तिने लिहून घेतलं. 'बाबांना द्या फोन,' म्हणाली. दत्तूभाऊ फोन घेऊन आतल्या खोलीत गेले. आम्ही बाहेर बसून होतो. वीस मिनिटांनी ते बाहेर आले ते चहा घेऊनच. 'माफ केलं' असं ते म्हणाले नाहीत, आणि आम्हीही ते ऐकायला थांबलो नाही. चहा मात्र प्यायलो.

पुढचं थोडक्यात. पुलाचे खांब शाळेच्या बाजूला खडकावर घेतले. आमचे अभियंते म्हणतात की त्याहून चांगला पाया मिळाला नसता. जुन्या आराखड्याप्रमाणे खांब पडले असते, तर पहिल्याच आठवड्यात मुख्य लाइन फुटली असती, आणि खाली कामावर असलेल्या माणसांचं काय झालं असतं, ते मी या मंगल प्रसंगी बोलत नाही. अच्युतरावांची चौकशी झाली. लेखी ताकीद मिळाली, ती त्यांनी निमूटपणे घेतली. निवृत्तीच्या आठ दिवस आधी दत्तूभाऊंच्या सर्व्हिस बुकातला शेरा रद्द झाला. त्या आदेशाची प्रत टपालाने गेली नाही, अच्युतराव स्वतः कोटऱ्याला देऊन आले. जुईच्या संगणकातही एक बदल झाला आहे. आता तो कुठल्याही जुन्या नकाशावर आपोआप विश्वास ठेवत नाही. आधी विचारतो, जागेवर कोण गेलं होतं, आणि कधी. तो प्रश्न अच्युतरावांनी त्यात घालायला लावला.

मंडळाने अच्युतरावांच्या चाळीस वर्षांच्या सेवेचा गौरव केला, तो सर्वस्वी योग्य आहे. पण मला विचाराल, तर मी त्यांचा सत्कार त्या दीड पानासाठी करते. सिंधूवहिनी, त्या चार महिन्यांत पेन्शनचं काय होईल ते ठाऊक नसताना तुम्ही त्यांना एकदाही 'कशाला लिहिलंत' असं विचारलं नाही, हे मला त्यांनीच सांगितलं. तुमचाही हा सत्कार आहे. जुई, तू प्रश्न विचारलास. तो आम्ही सत्तावीस वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. अध्यक्षमहोदय, प्रमुख पाहुणे, मंडळाचे कार्यकर्ते, आणि मघापासून घड्याळाकडे बोट दाखवून थकलेल्या मंजूषाताई, आपण मला बोलू दिलंत, मी आपल्या सर्वांची ऋणी आहे.

भाषण संपवताना काही उणंअधिक बोललं गेलं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची आपली रीत आहे. आज ते मला रीत म्हणून म्हणायचं नाही.

दत्तूभाऊ, तुम्ही तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ बसला आहात. मघाशी तुम्ही आत आलात, तेव्हा मी पाहिलं. १९९८ साली, समितीची बैठक संपल्यावर, तुम्ही मला बाहेर गाठून म्हणाला होतात, 'ताई, शाळेकडे एक खड्डा खोदून बघा, बस, एकच.' मी आत जाऊन साहेबांना विचारलं. ते म्हणाले, रस्त्यावर कालच डांबर घातलंय. मी गप्प बसले. आणि अहवाल लिहिताना तुमचं ते वाक्य त्यात घातलं नाही. ते वाक्य कागदावर असतं, तर पुढे कधीतरी कुणीतरी खोदून पाहिलं असतं. अच्युतरावांनी आपली चूक लिहून दिली. माझी मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, त्यांनाही नाही. ते आत्ता माझ्याकडे ज्या नजरेने बघत आहेत, त्यावरून तुम्हाला कळेल.

दत्तूभाऊ, मला क्षमा करा. उत्तर आज, इथे, लोकांसमोर द्यायला हवं असं मुळीच नाही. मी नेहरू नगरात त्याच घरात राहते. तुम्हाला विचारत यावं लागणार नाही. शहाण्णव साली तिथला नळ तुम्हीच जोडून दिला होता. पाणी अजून त्याच लाइनीतून येतं.

नमस्कार.